ताठ पाय

माझी मुलगी चार महिन्यांची असताना तिला काखेत धरून उभं केलं की ती पायांवर खांबासारखी ताठ उभी राहायची. नवरा शिरोलीला फाउंड्रीत आहे. त्याचे सोबती बाळ बघायला आले, तेव्हा मी हा प्रयोग त्यांना दोनदा करून दाखवला. पोरगी लवकर पळणार, असं सगळे म्हणाले आणि मी फुगले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, ती मीच.

फक्त सासूबाई हसल्या नाहीत. त्यांना मी आत्या म्हणते. मला आई नाही, म्हणून बाळंतपणाला त्या हातकणंगल्याजवळच्या गावातून, म्हशी थोरल्या जाऊबाईंच्या गळ्यात टाकून, कोल्हापुरात आमच्या दोन खोल्यांत येऊन राहिल्या होत्या. दिवसातून सात-आठ वेळा त्या पोरीला पायावर धरायच्या. भिंतीला टेकून पाय लांब करायचे, दोन पावलांत फट ठेवून त्यांवर बाळाला बसवायचं आणि तोंडानं शूऽऽ करत राहायचं. आमच्याकडची पोरं अशीच शी-शू शिकतात. वर्षाच्या आत लंगोट सुटला तर आजीची कॉलर ताठ. नवऱ्यासकट सहा पोरं आत्यांच्या पावलांवर बसून मोठी झाली होती.

एकदा धरता धरता त्या म्हणाल्या, "पोरगी बसंना गं. गुडघं वळत न्हाईत. मांड्या कैचीगत एकावर एक चढत्यात. हे काय बरं लक्षान न्हाय. दवाखान्यात दाखवूया की."

मला तेव्हा सलग दोन तास झोप मिळत नव्हती. कामावर हजर व्हायचा दिवस जवळ येत होता. मोबाईलवर मी बघून ठेवलं होतं की इतक्या लहान बाळाला असं बसवू नये. त्यात पोरगी धरताना किंचाळायची. मी भडकले.

"तुम्हीच दाबून दाबून तिचे पाय ताठ केलेत. आजपासून तिला धरायचं नाही. डायपर घालायचे."

आत्या कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे. पण त्या दिवशी त्यांनी पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, मी जिंकले.

त्यानंतर तिचे गुडघे कुणी वळवून बघितले नाहीत. डायपर बदलताना मांड्या वेगळ्या होत नसत. मी जोर लावायचे आणि थंडीनं आखडल्या असतील म्हणायचे. सहावा महिना सरला तरी ती उताणीच. आठव्यात शेजारणीचं तेवढंच बाळ बसून डबे आपटायला लागलं, तेव्हा मी शेजारणीकडे जाणं बंद केलं.

नवव्या महिन्यात ताप आला म्हणून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी ताप बाजूला ठेवला आणि पायच तपासत बसल्या. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला असावा, त्यानंच पाय असे ताठरलेत, म्हणाल्या. पायावर धरण्याचा काही संबंध? मी मुद्दाम विचारलं. अजिबात नाही, म्हणाल्या.

"ही बसेल ना?"

"आत्ताच सांगता येणार नाही. व्यायाम जितके लवकर सुरू होतात तितकं बरं. आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"नाही," मी म्हणाले.

घरी आत्या दारातच उभ्या होत्या. "माझ्या धरण्यानंच झालं न्हवं?" त्यांनी विचारलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग पुढचा प्रश्न माझ्यावर आला असता. "आता पुढचं बघूया," एवढंच मी म्हणाले. नवरा मेंदूचं नाव ऐकूनच खचला होता, कारण विचारायचं त्याला सुचलं नाही. दोन दिवसांनी आत्या पिशवी भरून गावी गेल्या. मी अडवलं नाही. लाज वाटत होती, आणि सुटल्यासारखंही वाटत होतं.

तीन आठवडे कसेबसे काढले आणि पोरीला घेऊन गावी गेले. गल्लीच्या तोंडाशी एका म्हातारीनं पोरीच्या तोंडावरचं दुपटं बाजूला केलं.

"हीच व्हय? आजीनं पाय मोडलं ती?"

"कोण म्हणतं असं?"

"तीच सांगती की समद्यास्नी. आता कुणाचंबी पोर हातात घेत न्हाई ती."

आत्या गोठ्यात म्हशींना वैरण टाकत होत्या. मी तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोष जन्मापासूनचा आहे, तुमच्या हातांचा नाही, मला हे त्याच दिवशी कळलं होतं आणि मी लपवलं. त्यांनी शिव्या द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं.

त्यांनी हात पदराला पुसले, पोरीला घेतलं आणि तिचा एक गुडघा हळूच वळवून बघितला. तो वळला नाही.

"म्हंजे मी म्हटलं तवाच न्यायला पायजे हुतं," त्या म्हणाल्या. "पाच महिनं गेलं की गं पोरीचं."