आठवड्याची कारभारीण

अकरावीसाठी खाप्याहून शहरात, धरमपेठेत मावशीकडे राहायला आले, तेव्हा वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नसे. मावशीनं मला बळेच मुलींच्या मंडळात घातलं. तिथं आम्ही कबड्डी खेळायचो, म्हणजे खेळू पाहायचो. मैदान रोज क्रिकेटवाल्या पोरांनी अडवलेलं. मंडळ चालवणाऱ्या ताईंचा एक कडक नियम होता. दर आठवड्याला नवी कारभारीण, आणि बाहेर कुठंही गेलं की बोलणार फक्त तीच. बाकीच्यांनी ब्रसुद्धा काढायचा नाही.

मैदान ज्या ऑफिसाच्या ताब्यात, तिथं अर्ज द्यायचं ठरलं आणि नेमकी माझीच पाळी आली. नाही म्हणायचीही माझी हिंमत नव्हती! दोन दिवस आरशापुढे भाषण घोटलं, अगदी शुद्ध पुस्तकी.

ऑफिसात टेबलापाशी पांढऱ्या मिशांचे एक काका बसले होते. अर्जातून डोकं वर न काढताच मी सुरू झाले, "आदरणीय महोदय, आम्ही मुली..." मंडळातल्या सोबत आलेल्या पाचही जणी मागून खोकू लागल्या, एकीनं तर वेणी ओढली. मला वाटलं, धीर देताहेत. मी आणखी जोरात बोलले. काकांनी सगळं मान डोलावत ऐकलं.

"लय छान बोलली वं पोरी," ते म्हणाले. "पण मी तं नालीची तक्रार घेऊन आलो. साहेब चाय प्यायले गेले."

साहेबांना जाताना त्या पाचही जणींनी पाहिलं होतं. पण नियम म्हणजे नियम! मला रडू यायला हवं होतं. आलं ते हसू, पोट दुखेस्तोवर. तेवढ्यात साहेब आले. घोटलेलं भाषण तर काकांवर खर्च झालेलं, मग माझ्या तोंडून निघाली खाप्याची बोली.

"साहेब, आमाले मैदान पाहिजे. पोरायले रोज भेटते, आमाले एक दिवसबी नाही."

"सोबत मोठं कोणी नाही का?"

"मीच आहो."

साहेबांनी अर्जावर मंगळवार आणि शुक्रवार लिहिलं, पेनाला टोपण लावलं. मला आनंदानं नाचावंसं वाटत होतं. थँक्यू म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच, "अन् रविवारी काहून नाही?"

कोण बोललं म्हणून मीच दचकले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण पुन्हा काढलं.