भर दुपारचा फोटो

सदाकाका गेल्याचं मला डिचोलीच्या बसस्थानकावर कळलं. मी सभेची पत्रकं वाटत होते. त्यांच्या स्टुडिओशेजारच्या चहावाल्याने एक पत्रक घेतलं, न वाचताच घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "बाय, तुजो फोटोवालो गेलो गो..." मी उरलेली पत्रकं वाटली आणि मग त्यांच्या घरी गेले. त्याला आता महिना होत आला.

सरकारी भाषा मराठी की आमची रोजची बोली, यावरून घराघरांत तट पडले तेव्हा मी मराठीच्या बाजूने घसा फोडत होते. सदाकाका मोर्चांचे फोटो काढायचे, दोन्ही बाजूंच्या. "घोषणा मराठींत आनी तान लागली की उदक मागता!" असं भर रस्त्यात चिडवायचे. दोन्ही भाषा माझ्याच, असं मी म्हटलं की विचारायचे, "जाल्यार झगडटा कित्याक?" का भांडते याचं उत्तर माझ्याकडे होतं, चार पानी. ते ऐकायला ते थांबायचे नाहीत.

म्हापशाहून ते मिळेल ती स्वस्त रंगीत फिल्म आणायचे आणि तिचे सगळे दोष सांभाळून घ्यायचे. पिवळ्या बल्बखाली माणसं हळद लावल्यासारखी येतात, सावलीत निळी पडतात, उन्हात पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या नाहीशा होतात. ट्यूबलाइटवर त्यांचा विशेष राग. "न्हवऱ्याक शेवाळ आयिल्लें दिसता," म्हणत ते वधूवरांना मांडवातून अंगणात काढायचे आणि मंगळसूत्र पुन्हा घालायला लावायचे. भटजी ओरडायचे, "मुहूर्त गेलो!" काका कॅमेऱ्यातून डोळा न काढता उजेडाची ग्वाही द्यायचे, "उजवाड आसा मरे!"

आमचं वेगळं राज्य झालं. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात आमोण्यात गोपीनाथभाऊंच्या भातशेतीत वरच्या खाणीचा लाल चिखल उतरला. पीक गेलं. कंपनी म्हणे, आमचा चिखल नव्हेच. चौकशीला सरकारी साहेब येणार होते आणि त्याआधी मला पत्रक काढायचं होतं. खाणीच्या पूजा-समारंभांचे फोटो काकाच काढायचे, तरी ते आले. दुपारी ऊन पडलं, मी घाई करत होते आणि ते बांधावर कॅमेरा धरून नुसते उभे. "बगळो बसूं दी," म्हणाले. बगळा बसला, त्यांनी फोटो काढला. संध्याकाळी आणखी एक काढला, तो माझ्या हट्टामुळे. प्रिंट आल्या तेव्हा मला संध्याकाळचाच हवा होता, शेतात रक्त साचल्यासारखं दिसत होतं. काकांनी तो परत घेतला. "बाये, हो रंग सुर्याचो, खाणीचो न्हय. सायब इतलेंच धरतलो आनी तुमचें खरें तें फट जातलें." खऱ्याचं खोटं कसं होईल, यावरून आम्ही कडाकडा भांडलो. शेवटी दुपारचाच फोटो छापखान्यात गेला... आणि छापखान्यात शाई एकच, काळी! भात करडं, चिखल करडा. गोपीनाथभाऊंनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं. "हें शेत पोर्तुगेजांच्या काळांतलें दिसता!" काका पोट धरून हसले. रंगाच्या फोटोसाठी एवढे भांडलो, पण पत्रकाला रंग नसतो हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

म्हणून चौकशीला मूळ प्रिंटच नेली, मागे काकांच्या स्टुडिओचा शिक्का मारलेली. शिक्का नको, असं मीच सुचवलं होतं. त्यांनी दोनदा मारला. साहेबांनी फोटो पाहिला. "संध्याकाळचा दिसतो. त्या वेळी सगळंच लाल दिसतं." गोपीनाथभाऊंनी फोटोतल्या पांढऱ्याशुभ्र बगळ्यावर बोट ठेवलं. "सायबा, मागीर हो बगळो धवो कसो?" साहेब जीपमध्ये बसून शेतावर आले. भरपाई मंजूर झाली. खाणीने काकांना पुन्हा कधी बोलावलं नाही. "बरें जालें," काका म्हणाले, "थंय सगळे ट्यूबलायट."

गेल्या आठवड्यात आमोण्याला गेले होते. यंदा पुन्हा चिखल उतरला आहे, आणि पूर्वी इथे कधी आलाच नव्हता, असं आता कंपनी म्हणते. गोपीनाथभाऊंनी भिंतीवरून तो फोटो काढून माझ्या हातात दिला. यंदाच्या चौकशीला न्यावा का, म्हणून विचारलं, "हो व्हरूं?" स्वस्त प्रिंट, दमट भिंत... भाताचा हिरवा उडाला आहे, आभाळ तांबूस, बगळाही तांबूस. आता कुणीही म्हणेल, संध्याकाळ आहे. काका असते तर त्यांनी येऊन सांगितलं असतं. म्हणून हे मी लिहून देते आहे, खाली माझं नाव घालून. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बांधावर उभी होते. भर दुपार होती, आणि बगळा पांढरा होता.