शनिवारचं रिफ्लेक्शन

माझी मुलगी इथे लखनौमध्येच एका रुग्णालयात बालरोग विभागाची निवासी डॉक्टर आहे. त्यांच्या विभागात दर शनिवारी प्रत्येकानं एक पान लिहून द्यायचं असतं. आठवड्यातला एक रुग्ण घ्यायचा, आपण काय विचार केला, कुठे चुकलो, काय शिकलो ते लिहायचं. त्याला ते रिफ्लेक्शन म्हणतात. नियम एकच, पण कडक. दुसऱ्याकडे बोट दाखवायचं नाही. ‘नर्स उशिरा आली’ असं कुणी लिहिलं की विभागप्रमुख पान परत देतात. म्हणतात, “ये शिकायत है, रिफ्लेक्शन नहीं.”

मला ही पद्धत पटली होती. मी संशोधन संस्थेत आकडेवारीचं काम करतो. चूक नोंदल्याशिवाय ती कमी होत नाही, असं मी घरीही सांगत आलो आहे.

डेंग्यूच्या दिवसांत त्यांच्या वॉर्डात एक सहा वर्षांचा मुलगा आला. माझ्या मुलीनं त्याला तपासलं, ठीक वाटला, तासाभरानं पुन्हा बघायचं ठरवलं. त्या दिवशी वॉर्डात चाळिसावर मुलं होती आणि डॉक्टर दोन. मध्येच एका मुलीला झटके आले, दुसऱ्या एका बाळाचा श्वास थांबत होता. ही परत पोचली तोवर मुलाचा रक्तदाब कोसळला होता. दुसऱ्या दिवशी तो गेला.

शनिवारी हिनं लिहिलं की मी तासाभरानं जायला हवं होतं, गेले नाही. मनातल्या मनात मी त्याला बरा ठरवून बाजूला ठेवलं होतं. वेळेवर गेले असते तर कदाचित तो वाचला असता. चाळीस मुलं, दोन डॉक्टर, झटके, यातलं काहीच पानावर नव्हतं. नियमच तसा होता.

विभागप्रमुखांनी ते पान सगळ्यांसमोर वाचलं आणि तिचं कौतुक केलं.

मग मुलाच्या वडिलांनी तक्रार केली, चौकशी समिती बसली. विभागप्रमुखांनी केसपेपरबरोबर ते पानही समितीला दिलं. हेतू चांगलाच होता. एवढी प्रामाणिक मुलगी निष्काळजी असेल का, हे समितीनं बघावं, असं त्यांना वाटलं. एखादा डॉक्टर ते पान जसं वाचेल तसंच सगळे वाचतील, हा त्यांचा समज. समितीकडून त्याची प्रत तक्रारदाराच्या वकिलाकडे गेली.

लखनौच्या महानगर मोहल्ल्यातल्या आमच्या घरी ही बातमी आली तेव्हा बायको मेथी निवडत होती. ती म्हणाली, “ही तुमच्या घराण्याची खोड. कुणी विचारलं नाही तरी सांगत सुटायचं. झालं ते देवाला सांगावं, कागदाला कशाला?”

“आई, वो झूठ थोड़ी था,” मुलगी म्हणाली. लखनौत वाढल्यामुळे ती घरीही हिंदीच बोलते.

“खोटं कोण म्हणतंय? अर्धं होतं.”

आकडेवारीच्या कामात मी आयुष्यभर सांगत आलो ते बायकोनं दोन शब्दांत सांगितलं होतं. त्या पानात अंश होता, छेद नव्हता. ज्या पानावर एकच माणूस असतो, त्यात दोषीही एकच सापडतो.

सुनावणीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसलो होतो. शेजारी मुलाचे वडील येऊन बसले. अमीनाबादेत त्यांचं कपड्याचं लहानसं दुकान आहे. मी कोण हे त्यांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, “उस दिन वार्ड में दो ही डॉक्टर थे, भाई साहब.”

“होंगे,” ते म्हणाले. “हमसे सबने कहा, कुछ हो ही नहीं सकता था. बस आपकी बेटी के काग़ज़ में लिखा मिला कि हो सकता था. अब हम किस पर यक़ीन करें, आप ही बताइए.”



समितीनं तिच्या प्रशिक्षणात सहा महिने वाढवले आणि प्रकरण पुढे वैद्यकीय परिषदेकडे पाठवलं. डॉक्टर म्हणून तिची नोंदणी राहते की जाते, ते तिथे ठरेल. समितीच्या निकालात तिच्याच वाक्यांचा आधार आहे. वॉर्डातल्या डॉक्टरांच्या संख्येबद्दल एक ओळही नाही.

शनिवारचं लिखाण बंद झालेलं नाही. फरक इतकाच, की ज्युनियर मंडळी आता आपली पानं आधी हिच्या फोनवर पाठवतात. “दीदी, देख लीजिए, इसमें फँसने वाला कुछ तो नहीं?” आणि ही चहा पिता पिता पुसत जाते.

परवा मी शेजारी बसलो होतो. तिनं एका ज्युनियर मुलीच्या पानातला अख्खा परिच्छेद उडवला.

“काय होतं त्यात?”

“एक बच्चे को ऊपर शिफ़्ट कर रहे थे. बीच में पता चला ऑक्सीजन का सिलिंडर ख़ाली है. ले जाने से पहले इसने चेक नहीं किया था, वही लिख दिया पागल ने.”

“बाळ?”

“बच गया.”

“आणि सिलिंडर? निघण्याआधी तो तपासायचा, असं आता कुणी ठरवलं का?”

तिनं फोन उलटा ठेवला. “किसको बताएगी वो, बाबा?”