सखाबाईने अंगठा दिला नाही

एकोडीच्या तलावाचे मासे बाजारात विकणारी सखाबाई फार कमी बोलायची. घरात बोलायचं काम तिचा दीर तुलाराम करायचा, आणि ते तो सगळ्यांच्या वाटचं उरकायचा.

दोन हजार सतराच्या दिवाळीनंतरची गोष्ट. तिचा नवरा श्यामलाल सकाळी जाळं फेकता फेकता मान धरून खाली बसला. मानेत सळई खुपसल्यासारखी कळ आली म्हणाला. घरी पोचेस्तोवर डावा हात लुळा पडला, मागोमाग पायही. तुलारामने निकाल दिला, "लकवा मारला." अर्धं गाव बघायला आलं. कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, कोणी तेल. सखाबाईने गाडी सांगितली आणि नवऱ्याला भंडाऱ्याला नेलं.

तिथल्या एका दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांचंही मत लकव्याचंच पडलं. डोक्याच्या फोटोत काही दिसलं नाही, पण सुरुवातीला दिसत नाहीच, म्हणाले. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तातडीने द्यायचं होतं. त्यासाठी कागदावर बायकोचा अंगठा हवा होता. तुलारामने तिचा हात धरून शाईकडे नेला. सखाबाईने मूठ आवळली.

"लकवा नाही जी," ती डॉक्टरांना म्हणाली. "मान आधी दुखली. अन् तोंड त सरळ आहे."

"तुले काय समजते?" तुलाराम म्हणाला.

तिला एवढंच समजत होतं की जाळं फेकताना त्याची कड तोंडात धरावी लागते. तिच्या बापाला लकवा झाला तेव्हा ती कड त्याच्या ओठांतून गळून पडायची. तिने पदराचं टोक श्यामलालच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात दिलं आणि ओढलं. पदर फाटला. श्यामलालने सोडला नाही.

डॉक्टरांनी फाटलेला पदर पाहिला. मग इंजेक्शन बाजूला ठेवून त्यांनी मानेचा एमआरआय करायला लावला. मणक्यात रक्त साचलं होतं आणि त्याने मज्जारज्जू दाबून धरला होता. त्याच दिवशी नागपुरात ऑपरेशन झालं.

तिसऱ्या दिवशी डाव्या पायाची बोटं हलली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांचा फोन आला. "बाई, ते इंजेक्शन दिलं असतं तर आतलं रक्त थांबलंच नसतं."

सखाबाईने फोन तुलारामच्या हातात दिला आणि फरशीवर बसून मोठ्याने रडली. तीन दिवस भ्यायला तिला सवडच मिळाली नव्हती.

खाटेवरचा श्यामलाल घाबरला. "काहून रडून राहिली?" तो म्हणाला. "लकवाच होता काय?"