तळ्याचा गाळ

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती गेली, अप्पा, माझे वडील, तर तिच्याही कितीतरी आधी गेले. आता मला खोटं पाडणारं कुणी उरलं नाही म्हणून तोंड उघडतोय का? तसंही असेल.

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. घर नौबादला, धंदा कापडाचा. अप्पांनी हैदराबादहून एक जुनी व्हॅन आणली आणि तिच्यात गठ्ठे टाकून आम्ही राजेश्वरच्या, निर्ण्याच्या बाजाराला जायचो. काय दिवस होते ते — कोऱ्या कापडाचा वास, कडेला अप्पा, मधे मी, आणि गाडी चालवायला इमामसाब. माझ्याहून बराच मोठा, तोंडात पान, चढ आला की गाडीची समजूत काढणारा. मला गाडी शिकवली ती त्यानंच.

गाडीची खरी मिजास म्हणजे काच धुण्याची पिचकारी. बानेटखाली पाण्याची बरणी, तिच्यातून रबरी नळी, आणि वर काचेच्या पायथ्याशी एक बुटकी गोल तोटी. आतून बटण दाबलं की पाणी थेट काचेवर. बाजारात म्हातारेही बघायला थांबत, आणि इमामसाब गरज नसताना एकदा जास्त दाबायचा. मला हसू यायचं. आजही येतं.

दर सोमवारी गाडीला विभूती लावायचं काम माझं. मी ती कुठं लावायचो? — त्या तोटीवर. गोल, बुटकी, मला ती लिंगासारखी दिसे. ओल्या विभूतीची तीन बोटं, चांगली जाडसर. इमामसाब सगळी गाडी पुसायचा, तेवढी तोटी सोडून. आमच्या देवाला आपला हात नको, म्हणून. एकदाच म्हणाला, "शिवण्णा, राख जरा नीचे लगाव. वां पानी का छेद है." मी हसण्यावारी नेलं.

मग तो दिवस. निर्ण्याहून परतताना समोरच्या लॉरीनं लाल चिखल काचेवर उडवला. वायपरनं तो नुसता सारवला. इमामसाबनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं — पाणी नाही. गाडी कडेच्या चारीत गेली आणि अप्पांचा हात मोडला.

दुसऱ्या दिवशी अंगणात मीच पिचकारी खोलली. बरणी भरलेली. नळी फुंकून बघितली — मोकळी. राहिली तोटी. तिच्यात सुई घातली, आणि सुईच्या टोकाला पांढरं. वाळून घट्ट झालेली विभूती. माझी. हात गळ्यात बांधलेले अप्पा ओसरीवरनं विचारत होते, "कामून बंद पडली रे? काय अडकलंय?"

एवढंच म्हणायचं होतं — अप्पा, चूक माझी. का नाही म्हणालो? अप्पा मारणार होते का? मुळीच नाही. पण माझ्या भक्तीचं त्यांना फार कौतुक होतं, आणि ते मला सोडवत नव्हतं. मी सुई धोतराला पुसली. म्हणालो, "गाळ हाय अप्पा. तळ्याचं पाणी भरायलाय ह्यो."

बरणीत पाणी भरायचं काम इमामसाबचं, आणि तो शेजारीच उभा होता. त्यानं सुई बघितली होती. आमच्याकडचा गाळ लाल असतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण ते सांगायचं तर त्याला आमच्या विभूतीवर बोट ठेवावं लागलं असतं — अप्पांसमोर, आणि त्या दिवसांत. निजाम गेल्यावर त्याच्यासारख्या मुसलमानाला दुसरं काम मिळणं किती अवघड होतं, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. सुई पुसताना ठाऊक होतं.

अप्पा म्हणाले, "उद्यापासून येऊ नगंस." इमामसाबनं किल्ली ओसरीच्या कडेला ठेवली, गाडीच्या दारावरनं एकदा हात फिरवला आणि गेला. पुन्हा तो मला दिसला नाही. मी शोधलंही नाही.

नवा ड्रायव्हर आला. त्या सोमवारी मी विभूती लावली ती खाली, बानेटवर — इमामसाबनं सांगितलं होतं तिथं. पिचकारी परत कधी बंद पडली नाही. अप्पा समाधानानं म्हणायचे, "ह्यो माणूस पाणी चोख भरतोय बग."

मी म्हणायचो, व्हय अप्पा.