पाठीनं ऐकणारे साडूभाऊ

मोठ्या सबवूफरला लहान ॲम्प लावला तर सबवूफर कधीच जळत नाही, असं मी भोकरदनच्या साडूभाऊंना ठासून सांगितलं आणि त्यांचा सबवूफर जाळला.

साडूभाऊंएवढा गाण्याचा शौकीन आमच्या जिल्ह्यात दुसरा नसेल. अडचण एवढीच, की त्यांना गाणं ऐकू येत नाही. तरुणपणी कापसाच्या जिनिंगच्या घरघराटात कान गेले. मग भोकरदन-जालना जीप चालवता चालवता हे पाठीनं ऐकायला शिकले. बोलणं ओठ बघून कळायचं, बाकी सगळं पाठीतून. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला तळहात लावून "पट्टा ढिल्ला झालाय" म्हणायचे, आणि तो झालेला असायचा. एकदा आमच्याकडे आले ते फ्रिजला पाठ टेकून चहा संपेपर्यंत उभे. बायकोनं खुर्ची पुढं केली तर म्हणाले, "राहू द्या, बराबर वाजून राह्यलंय."

त्यांची लेक जालन्याला तबला शिकायची. ती वाजवायची, हे "एक नंबर" म्हणायचे, आणि बापाला काही ऐकू आलेलं नाही हे तिला कळायचं. त्या दिवाळीत तिनं आपल्या पहिल्या कार्यक्रमाची कॅसेट आणली. निदान डग्गा तरी पाठीत यावा म्हणून साडूभाऊंनी जीपच्या सीटमागं सबवूफर, म्हणजे ठेका अंगात घुमवणारा मोठा स्पीकर, बसवला. दुकानदारानं बजावलं होतं, "ॲम्पच्या खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. या सबला जेवढी ताकद सतत लागते, तेवढी सतत देणारा ॲम्प घ्या."

पण मधे मी होतो. कॉलेजात एकदा रेडिओ जोडल्यामुळं मी घरातला जाणकार समजला जातो, मुख्यतः माझ्याकडून. माझ्या व्हॅनमधला जुना, लहान ॲम्प मी उदार मनानं जोडून दिला. डग्गा काही येईना, म्हणून जोर वाढवायचं गेनचं बटण शेवटपर्यंत पिळलं. बिचारा ॲम्प दमाबाहेर ओरडायला लागला, आवाज फाटला, आणि त्या फाटक्या आवाजानं सबची कॉईल तापत गेली. साडूभाऊ डोळे मिटून बसले होते.

"पाहुणं," ते शांतपणे म्हणाले, "डग्गा येईना, पण जळका वास येऊन राह्यलाय."

लेक दुसऱ्या दिवशी परत जाणार होती. सकाळी तिला सोडायला निघालो ते आधी त्या दुकानात. दुकानदारानं माझा ॲम्प दोन बोटांनी बाजूला ठेवला, नवा सब आणि त्याच्या जोडीचा ॲम्प बसवला, गेन निम्म्याच्या आत ठेवला. लेकीनं कॅसेट लावली. साडूभाऊ सीटला पाठ लावून बसले, आणि ती समोरच्या आरशातून त्यांच्याकडं बघत राहिली.

कॅसेट संपली. ते "एक नंबर" म्हणाले नाहीत.

"मधी एका जागी डग्गा घाईनं पडला, बाई."

ती त्यांच्याकडं वळून म्हणाली, "हो बाबा. तिथं चुकले होते." आणि ओढणीनं डोळे पुसत हसली.

तिला सोडून परतताना जीप रिकामी वाटत होती. ती शांतता मला सोसेना, म्हणून लहान ॲम्पनं सब का जळतो हे मी सविस्तर समजावू लागलो. वाटेत एका फाट्याला जीप अडली तेव्हा साडूभाऊंनी वळून माझ्या ओठांकडं नीट बघितलं.

"पाहुणं," ते म्हणाले, "तुमचं बी त्या ॲम्पवानीच हाय. दम थोडा, अन् बटण फुल."