तीन नंबरची खरखर

हळूकाकांचं खरं नाव आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं कुणाला सुचलंही नाही. माणूस आवाजाच्या धंद्यातला, पण आवाजाचं त्यांना भारी वावडं. दार लावलं की "हळू". खुर्ची सरकवली की "हळू". शेजारच्या शिंप्याचं मशीन सुरू झालं की भिंतीवर दोन टिचक्या मारून "अहो, हळू!" वैतागून त्या शिंप्यानंच हे नाव ठेवलं, आणि पुढे पत्रं टाकणारासुद्धा त्यांना हळूकाका म्हणायला लागला.

माझा धंदा खरखर काढण्याचा. रेडिओ, स्पीकर, माईक, ज्यातून नको तो आवाज येतो ते सगळं माझ्या टेबलावर येतं. पाटीवर 'मिक्सर दुरुस्ती' वाचून चटणी वाटायचा मिक्सर घेऊन येणारे भेटले की माझं टाळकं सरकतं. माझा मिक्सर वेगळा. बारा माईकचे बारा आवाज त्यात शिरतात, प्रत्येकाला वरखाली सरकणारं एक बटण असतं, त्याला फेडर म्हणतात. बटण वर नेलं की आवाज चढतो, खाली ओढलं की उतरतो. हळूकाकांकडे असा एक जुना, दोघांनी मिळून उचलावा लागेल इतका जड मिक्सर होता.

त्यांच्या मुलीचा मला फोन आला. "दादा, बाबांना मी माझ्याकडे घेऊन चाललेय. शनिवारी स्टुडिओ रिकामा करायचाय. बाकी सगळं निघालं, पण मिक्सरचं नाव काढलं की ते मूग गिळून बसतात. तुम्ही या, उघडून बघितल्यासारखं करा आणि सांगा, ठेवण्यात अर्थ नाही म्हणून. तुमचं ऐकतील."

"आणि अर्थ असला तर?"

"नसू दे हो," ती म्हणाली. "आई जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून त्यावर एकही रेकॉर्डिंग नाही. तरी बाबा रोज संध्याकाळी तो लावतात आणि हेडफोन घालून बसतात. काय ऐकतात विचारलं की म्हणतात, काही नाही. मला भीती वाटते."

मी हो म्हणालो. एवढं खोटं बोलायला माझ्या बापाचं काय जात होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. दोन खोल्यांचा स्टुडिओ. बाहेरच्या खोलीत मिक्सर आणि काकांची खुर्ची, मध्ये जाड काच, काचेपलीकडे कपाटाएवढी खोली. काकू तिथं बसून अंध विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची पुस्तकं वाचायच्या. वीसेक वर्षं वाचली. इतिहास, भूगोल, कायद्याची जाडजूड पुस्तकंसुद्धा. भिंतींना गोधडीसारखं जाड कापड ठोकलेलं, त्यामुळे आत गेलं की स्वतःचा श्वास कानाशी येतो. त्यांची खुर्ची, उशी, पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून अंथरलेला फलालीनचा तुकडा, सगळं जागच्या जागी. बाजूला पाण्याचा पेला, वर बशी. मी सहज बशी उचलली. पाणी ताजं होतं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. तरी पेला झाकला आणि तिथून बाहेर आलो तो पाठ न फिरवता, हे कबूल करतो.

काका मिक्सरशेजारी बसले होते. मुलगी उंबऱ्यापाशी टेपा खोक्यात भरत होती. तिनं माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या, म्हणजे आमचं ठरलेलं विसरू नका.

"खरखर फक्त तीन नंबरला आहे," काका म्हणाले. "बाकी काय बघायचं ते बघ. तिला हात लावू नकोस."

कुणी असं म्हटलं की माझा हात आधी तिथंच जातो. मी मिक्सर लावला, हेडफोन घातले, तीन नंबरचा फेडर सावकाश खाली ओढला. वरून थोडं खाली येईतो स्वच्छ. मग एका ठिकाणी 'खर्र' झालं. घसा साफ करावा तसं, दबकं. पुन्हा वर नेला, पुन्हा तिथंच 'खर्र'. माझ्या कानांखालून अशी हजार यंत्रं गेली असतील, पण त्या आवाजानं माझ्या अंगावर काटा आला. मी हेडफोन काढले. काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

"ऐकलंस?" त्यांनी विचारलं. "तीच आहे."

"कोण?"

मी स्क्रू काढून फेडर बाहेर काढला. आतल्या काळ्या पट्टीवरून पत्र्याची बारीक जीभ सरकते. पट्टी झिजली की खरखर होते, यात कुठलं भूत? पण झीज पाहिली आणि मला आमच्या कारागिरांना चढतो तसा चेव चढला.

"काका, हे बघा. बाकीच्या पट्ट्या जवळजवळ नव्या. हिचीसुद्धा वरची बाजू चांगली, खालची चांगली. फक्त इथं, नखाएवढी जागा पार खरवडून निघालीय. इथल्या इथं खाली-वर, खाली-वर, हजारो वेळा. कोण एवढं नाचवत होतं हिला?" आणि वर हसलोही. माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी बायको उगाच नाही म्हणत.

काकांनी त्या खरवडलेल्या जागेवरून नख फिरवलं.

"मी," ते म्हणाले. "तिचा माईक तीन नंबर. तिला खोकला यायचा. यायच्या आधी ती डाव्या हाताचं बोट पानावरून उचलायची, काचेतून मला दिसायचं. मी फेडर खाली घ्यायचो. खोकला झाला की वर. सरळ टेपवर उतरत होतं, त्यामुळे टेपवर फक्त जरा थांबल्यासारखं वाटायचं. पोरं ऐकून धडे पाठ करतात रे. खोकला ठेवला असता तर तोसुद्धा पाठ केला असता." ते जरासं हसले. "इतकं जमून गेलं होतं आमचं. रेकॉर्डिंग संपलं की ती विचारायची, किती सुटले? मी म्हणायचो, एकही नाही. दोघं खूश."

मुलीचे हात खोक्यात थांबले होते.

"मग डॉक्टरांनी विचारलं, खोकला कधीपासून? तिनं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, पंधरा दिवस." काकांचा आवाज आणखी खाली गेला. "खोटं नाही बोललो. मला खरंच तसं वाटत होतं. वर्षभराच्या टेपा मी ऐकल्या होत्या, एकीवरही खोकला नव्हता. छाती पोखरली होती तिची, आणि मला माझ्या टेपा स्वच्छ दिसत होत्या. चौदा महिने होते ते. ती गेल्यावर बसून मोजले. कुठं लिहिलेलं नाही, कुठं ऐकू येत नाही. एवढ्या नखाएवढ्या जागेत तेवढं आहे."

माझ्या पेटीत नवा फेडर होता. दहा मिनिटांचं काम. बसवला असता तर मिक्सर कुठल्याही नाटकवाल्यानं आनंदानं नेला असता, आणि काका त्या आवाजातून सुटले असते, असं मला वाटलं. मी तसं म्हणालो.

"नको," काका म्हणाले. "मी एकदा काढला तो आवाज. पुन्हा नाही काढायचा."

"बाबा," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "घरी आई मोरीत जायची. कडी लावायची आणि नळ सोडायची. मी बाहेरून ओरडायचे, किती पाणी घालवतेस गं म्हणून. रोज ओरडायचे. मला वाटायचं, हिला वेळकाळ नाही. ती बाहेर यायची, तोंड पुसलेलं असायचं, म्हणायची, चुकलं बाई." ओठ घट्ट दाबून ती उठली आणि मागच्या मोरीत गेली. कडी लागली. मग आतून नळ सुटल्याचा आवाज आला, पूर्ण सोडलेला, धो धो.

मी खाली मान घालून स्क्रू गोळा करू लागलो. दुसरं काय करणार?

काका उठले. गुडघे धरत मोरीपर्यंत गेले आणि दारावर टिचकी नाही, चांगली थाप मारली.

"नळ बंद कर."

पाणी चालूच होतं.

"बंद कर म्हणतो ना! बाहेर ये. रडायचंय तर माझ्यासमोर रड. मोठ्यानं रड."

वीस वर्षांत त्या माणसाचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. नळ बंद झाला, कडी निघाली, आणि ती पोर बापाच्या खांद्यावर डोकं टेकून मोठमोठ्यानं रडली. भिंतीपलीकडचं शिंप्याचं मशीन थांबलं. काकांनी तिला एकदाही गप्प केलं नाही.

तोवर मी तीन नंबरचा फेडर, होता तसाच, पुसूनसुद्धा न घेता, जागेवर बसवला. डोळे पुसत ती मिक्सरपाशी आली. हेडफोन तिनं स्वतःच घातले आणि बटण खाली ओढलं. मग वर. मग परत खाली.

"दादा," शेवटी ती म्हणाली, "हा माझ्या गाडीत बसेल ना?"

"बसेल. पण जड आहे, उचलायला दोघं लागतील."

"आहोत की आम्ही दोघं," ती म्हणाली.